हत्तीवरचा फॉक्स आणि रस्त्यावरचे फलक

भाईंदरच्या पूर्वेला वसलेले नवघर आज लोकलच्या गर्दीमुळे ओळखले जाते. इतिहासाच्या नकाशावर मात्र ते साष्टी बेटाच्या उत्तर टोकाचे एक गाव आहे. उत्तरेला वसईची खाडी, आसपास मिठागरे आणि खाडीपलीकडे चिमाजीअप्पांनी १७३९ साली जिंकलेला वसईचा किल्ला. या साष्टीवरून अठराव्या शतकात मराठे आणि इंग्रज यांच्यात युद्ध जुंपले. त्या युद्धाच्या खर्चाने ईस्ट इंडिया कंपनीवर दिवाळे काढण्याची पाळी आली, कंपनीला वेसण घालण्यासाठी ब्रिटिश पार्लमेंटात विधेयक आले आणि ज्यांनी ते आणले त्यांचेच मंत्रिमंडळ कोसळले. या पडझडीत राजाचे कारस्थान होते, कंपनीचा पैसा होता, लॉर्डांचा हेवादावाही होता. त्यात एक चित्रही होते. दुकानाच्या काचेत लावलेले, रस्त्याने जाणाऱ्या कोणालाही फुकट पाहता येणारे एक व्यंगचित्र. राज्यकर्त्याचा चेहरा सामान्य माणसाला कोठे आणि कोणत्या रूपात दिसतो, या प्रश्नाचा विचार त्या चित्रापासून सुरू करणे सोयीचे आहे.

साष्टीची हकीकत थोडक्यात सांगितली पाहिजे. १७३७ साली मराठ्यांनी हे बेट पोर्तुगीजांकडून घेतले. मुंबईकर इंग्रजांचा त्यावर पहिल्यापासून डोळा होता. पेशवाईसाठी आसुसलेले राघोबादादा मदतीच्या मोबदल्यात काहीही देतील अशी चिन्हे होती. पण इंग्रजांना तेवढाही धीर निघाला नाही. डिसेंबर १७७४ मध्ये त्यांनी ठाण्याचा किल्ला काबीज केला आणि मार्च १७७५ मध्ये सुरतेचा तह करून त्या बळजोरीवर कागदाचे पांघरूण घातले. पुढे पुरंदरचा तह झाला, वडगावला इंग्रजी फौजेने शरणागती पत्करली, गॉडर्डने वसई घेतली आणि मे १७८२ मध्ये सालबाईच्या तहाने हे लांबलेले युद्ध संपले. वसई मराठ्यांना परत मिळाली. साष्टी गेली ती गेलीच.

या युद्धाचा, आणि त्याच सुमारास दक्षिणेत हैदरअलीशी चाललेल्या युद्धाचा, जाब लंडनमध्ये विचारला जाऊ लागला. मे १७८२ मध्ये कॉमन्स सभेने ठराव करून बंगालचा गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज आणि मुंबईचा गव्हर्नर विल्यम हॉर्नबी या दोघांना परत बोलावण्याची शिफारस केली. कंपनीच्या भागधारकांनी ती धुडकावली. एका व्यापारी कंपनीचे भागधारक पार्लमेंटचा ठराव केराच्या टोपलीत टाकू शकतात, हे तेव्हा उघड झाले. पुढच्या वर्षी चार्ल्स जेम्स फॉक्स आणि लॉर्ड नॉर्थ हे कालपर्यंतचे वैरी एकत्र येऊन सत्तेवर बसले होते. फॉक्सने नोव्हेंबर १७८३ मध्ये आपले इंडिया विधेयक मांडले. कंपनीचा राज्यकारभार सात आयुक्तांच्या हाती द्यावा, त्यांची नेमणूक पार्लमेंटने करावी आणि चार वर्षे राजालाही आपल्या मर्जीने त्यांना काढता येऊ नये, अशी योजना होती. विधेयकामागची खरी बुद्धी एडमंड बर्कची. तत्त्व म्हणून ही योजना न्याय्य होती असेच म्हटले पाहिजे. व्यवहारात मात्र सातही जागांसाठी नावे सुचवली गेली ती फॉक्स-नॉर्थ यांच्या गोटातली. हिंदुस्थानातील नोकऱ्या वाटण्याची किल्ली एका पक्षाच्या हाती जाणार, अशी हाकाटी उठली. तिच्यात तथ्य नव्हते असे नाही.

५ डिसेंबर १७८३ रोजी जेम्स सेयर्स याचे चित्र बाहेर पडले. सेयर्स हा पेशाने वकील. चित्राचे नाव, 'कार्लो खानाचा लेडनहॉल स्ट्रीटमध्ये विजयप्रवेश'. लेडनहॉल स्ट्रीटवर कंपनीची कचेरी होती. चित्रात जाडजूड, दाढीचे खुंट वाढलेला फॉक्स मोगली झगा आणि पागोटे घालून हत्तीवर बसला आहे. त्या हत्तीला तोंड आहे लॉर्ड नॉर्थचे, सुस्त आणि फुगीर. पुढे बर्क तुतारी फुंकीत चालला आहे. फॉक्स स्वतःला 'जनतेचा माणूस' म्हणवून घेत असे. निशाणावरील ती अक्षरे खोडून तेथे राजाधिराज अशा अर्थाचे बिरुद लिहिले आहे. पार्लमेंटातील शेकडो पानांची भाषणे ज्याला समजली नसती किंवा वाचायला मिळाली नसती, त्याला हा हत्ती एका नजरेत समजला. विधेयकाची कलमे बाजूला पडली आणि फॉक्स हा मुकुट चोरायला निघालेला खान आहे, एवढीच गोष्ट लोकांच्या मनात राहिली.

कॉमन्स सभेने विधेयक मोठ्या बहुमताने मंजूर केले होते. लॉर्ड्स सभेत तिसऱ्या जॉर्जने आपला निरोप पोहोचवला: जो या विधेयकाला मत देईल तो आपला शत्रू. १७ डिसेंबर रोजी ९५ विरुद्ध ७६ मतांनी ते फेटाळले गेले. लगेच मंत्रिमंडळ बडतर्फ झाले, चोवीस वर्षांचा पिट पंतप्रधान झाला आणि १७८४ च्या निवडणुकीत फॉक्सच्या अनुयायांची धूळधाण उडाली. पार्लमेंटातील आणि वृत्तपत्रांतील सगळ्या हल्ल्यांपेक्षा सेयर्सच्या चित्रांनी आपले अधिक नुकसान केले, अशी कबुली खुद्द फॉक्सने दिल्याचे लॉर्ड एल्डनने पुढे सांगितले आहे. एल्डन फॉक्सचा विरोधक होता, हे ध्यानात ठेवूनही ही साक्ष डावलता येत नाही. पिटने सेयर्सला एक्स्चेकर न्यायालयात मानाची नि मिळकतीची जागा देऊन उपकार फेडले.

व्यंगचित्राच्या सामर्थ्याचे गोडवे गाताना या चित्राचा दाखला नेहमी दिला जातो. पण ते सामर्थ्य कोणाच्या कामी आले? लाभ झाला तो कंपनीचा आणि राजाचा. ज्या साष्टीवरून हे सारे रामायण घडले तेथील कुणबी, आगरी, कोळी यांचा त्या चित्रात मागमूस नाही. हिंदुस्थान आहे तो पागोट्यापुरता आणि हत्तीपुरता. पूर्वेकडचा म्हणजे जुलमी, एवढे गृहीत धरले की फॉक्सला पागोटे घातले म्हणजे काम भागते. आठ वर्षांनी, डिसेंबर १७९१ मध्ये, जेम्स गिलरे या सेयर्सहून कितीतरी थोर चित्रकाराने श्रीरंगपट्टणहून माघार घेणारा लॉर्ड कॉर्नवॉलिस गाढवावरून पळताना दाखवला. किल्ल्याच्या तटावर टिपू सांगण्यासारख्या नसलेल्या पवित्र्यात उभा आहे. त्या माघारीत उपासमारीने टेकीस आलेल्या कॉर्नवॉलिसच्या फौजेला हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या लष्करी बाजारातल्या धान्याने वाचवले. बाजाराने भाव चांगला लावला, ही गोष्ट वेगळी. गिलरेच्या चित्रात त्या मराठ्यांना स्थान नाही.

तरीही त्या चित्रांमागची व्यवस्था समजून घेण्यासारखी आहे. छपाईपूर्वी परवाना घेण्याची सक्ती करणारा कायदा इंग्लंडात १६९५ साली संपला होता. तांब्याच्या पत्र्यावर आम्लाने कोरून काढलेली आकृती, तिच्यावरून मारलेले काही शे छाप, ते हाताने रंगवणाऱ्या बायका आणि मुले, आणि दुकानाची मोठी काच, एवढ्यावर हा धंदा चाले. साधा छाप शिलिंगाच्या आसपास मिळे. मजुराच्या आठवड्याच्या मजुरीशी तुलना केली तर ती चैनच होती. म्हणून विकत घेणारे थोडे आणि काचेसमोर गर्दी करणारे पुष्कळ. हॅना हम्फ्री ही बाई दुकान चालवी आणि गिलरे तिच्याच घरात राहून चित्रे काढी. राजा, राणी, युवराज, पंतप्रधान, बिशप यांची तोंडे त्या काचेत रोज नव्याने वाकडी होत.

खटले का होत नसत? होत, पण क्वचित. लेखी मजकुरावर बदनामीचा दावा लावता येतो, कारण शब्द साक्षीला उभे करता येतात. चित्राचे तसे नसते. त्या खोगिराखालचे गाढव म्हणजे महाराजच होत, असे सरकारी वकिलाला भर कोर्टात शपथेवर सांगावे लागले असते, आणि मग हसे कोणाचे झाले असते हे सांगायला नको. शहाणे राजकारणी म्हणून दुसरा मार्ग धरत. गिलरेला जानेवारी १७९६ मध्ये धर्मनिंदेच्या आरोपावरून पकडण्यात आले होते. पुढच्याच वर्षापासून त्याला पिटच्या सरकारकडून वर्षाला दोनशे पौंडांचे गुप्त वेतन मिळू लागले. हे जुळवून आणणारा जॉर्ज कॅनिंग हा तरुण मंत्री, त्याआधी आपण गिलरेच्या चित्रात कधी येणार म्हणून उतावीळ झाला होता. त्यात येणे म्हणजे राजकारणात आपली दखल घेतली जाणे होते. वेतन सुरू झाल्यावर गिलरेचे हात थांबले नाहीत, पण त्याच्या फटक्यांचा रोख मुख्यतः विरोधी पक्षावर आणि फ्रेंच क्रांतीवर राहिला. पॅरिसच्या गरिबांना तर त्याने आधीच, १७९२ मध्ये, नरमांसभक्षक करून टाकले होते. राजाच्या नाकावर बोट ठेवणारा चित्रकार भुकेलेल्या गर्दीचे चित्र काढू लागला की त्याची लेखणी कशी बदलते, याचा हा नमुना आहे.

याच वर्षांत पुण्यात काय चालले होते? शनिवारवाड्यात जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार रेसिडेंट चार्ल्स मॅलेटच्या ओळखीने आला होता आणि सवाई माधवराव, नाना फडणवीस, महादजी शिंदे यांची चित्रे रंगवीत होता. गंगाराम तांबट यांच्यासारखा उत्तम मराठी चित्रकार मॅलेटसाठी लेणी आणि प्राणी रेखाटत होता. हात होते, नजर होती. वेल्सने काढलेले सवाई माधवराव आणि नाना यांचे भव्य चित्र आज लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत आहे. पण पुण्याच्या बाजारपेठेतून जाणाऱ्या माणसाने ते कधी पाहिले नाही. राज्यकर्त्याचे चित्र ही वाड्याच्या आतली वस्तू होती. छापखाना नव्हता, चित्र विकणारे दुकान नव्हते, आणि असते तरी नानांच्या हेरांची नजर त्यावर असती. लोकांची टवाळी लावणीतून, सोंगातून, भारुडातून होई. शिमग्याच्या दिवसांत बोंब मारण्याची मोकळीक होती आणि रंगपंचमी आटोपली की ती मोकळीकही आटोपे. लंडनच्या काचेत शिमगा बारमाही होता. नाना फडणविसांचे खरे अर्कचित्र निघाले ते १९७२ साली, रंगमंचावर, विजय तेंडुलकरांच्या 'घाशीराम कोतवाल'मध्ये. आणि पावणेदोनशे वर्षे लोटली असतानाही ते अनेकांना सोसले नाही. प्रयोग थांबले, नाटक परदेशी नेण्यावरून वाद थेट कोर्टात गेला. जाता जाता सांगायचे तर, साष्टीतील लेण्यांची रेखाटने करीत असताना वेल्स आजारी पडला आणि नोव्हेंबर १७९५ मध्ये ठाण्यात वारला.

काच नाही तरी निदान छापील पान मराठी मुलखात पोहोचले ते एकोणिसाव्या शतकात, लंडनच्या 'पंच'चे नाव घेऊन. मुंबईत १८५४ साली 'पारसी पंच' निघाले. १८८८ पासून बरजोरजी नवरोजी यांच्या हाताखाली ते 'हिंदी पंच' म्हणून गाजले. त्यातील चित्रे विल्यम स्टेडच्या 'रिव्ह्यू ऑफ रिव्ह्यूज'मधून लंडनमध्ये पुन्हा छापली जात. व्हाइसरॉयला शालजोडीतले देणे आणि काँग्रेसच्या पुढाऱ्यांना कोपरखळ्या मारणे या दोन्ही गोष्टी ते करी. मराठी वाचकांसाठी ठाण्यात 'हिंदू पंच' होते. त्याची भाषा जहाल, आणि तोंडाला लगाम नव्हता. जहाल-मवाळांच्या भांडणात त्याने गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या देशनिष्ठेवर शिंतोडे उडवले, तेव्हा १९०९ साली गोखल्यांनी बदनामीचा दावा लावला आणि जिंकला. 'हिंदू पंच' त्यानंतर टिकले नाही. गोखल्यांना दोष देणे कठीण आहे. सरकारशी संगनमत केल्याचा आरोप म्हणजे विनोद नव्हे. तथापि ज्या वर्षांत सरकार स्वतःच एकामागून एक पत्रे बंद पाडीत होते, त्या वर्षांत एका पत्राला मूठमाती मिळाली ती देशभक्ताच्या दाव्याने, ही गोष्ट ठाणे जिल्ह्यातील वाचकांना अस्वस्थ करणारी आहे.

स्वातंत्र्यानंतरची पहिली वर्षे या बाबतीत दिलदार होती. शंकर यांच्या साप्ताहिकाचे १९४८ साली उद्घाटन करताना पंडित नेहरूंनी आपली गय करू नका असे बजावले, आणि शंकर यांनी ती केली नाही. १३ ऑगस्ट १९६० रोजी मुंबईत 'मार्मिक' निघाले तेव्हा त्याचे प्रकाशन मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाणांनी केले. ज्याच्या पानांवर आपलीच खिल्ली उडणार हे दिसत आहे त्या पत्राला मुख्यमंत्र्याने हात लावावा, यात त्या पिढीच्या राजकारणाचे एक लक्षण दिसते. बाळ ठाकरे यांची रेषा डेव्हिड लोच्या घराण्यातली. लो हा गिलरेला राजकीय व्यंगचित्राचा जनक मानी. म्हणजे हम्फ्रीबाईंच्या दुकानापासून दादरपर्यंत एक सरळ वाट काढता येते. ठाकऱ्यांची रेषा जाड, आत्मविश्वासाची आणि निर्दय होती, मोरारजी, स. का. पाटील, कृष्ण मेनन यांचे चेहरे त्यांनी असे पकडले की खरा माणूस समोर आला तर त्या चित्राची आठवण व्हावी.

पण 'मार्मिक'मध्ये चित्रांच्या शेजारी आणखी एक गोष्ट येऊ लागली. मुंबईतील कंपन्या आणि कचेऱ्यांमधील दाक्षिणात्य अधिकारी-कर्मचाऱ्यांच्या नावांच्या याद्या, 'वाचा आणि थंड बसा' या मथळ्याखाली. मराठी तरुणाची बेकारी खरी होती, त्याचा संताप खरा होता. तो व्यक्त करणारे पत्र दुसरे कोणी चालवीत नव्हते, हेही खरे. त्या संतापातून १९ जून १९६६ रोजी शिवसेना स्थापन झाली. व्यंगचित्रकाराने पक्ष काढावा आणि त्या पक्षाने पुढे राज्य करावे, अशी उदाहरणे जगात फारशी नाहीत. मात्र मंत्र्याच्या नाकावरून निघालेली टोकदार रेषा आता लुंगी नेसलेल्या टंकलेखकाकडे वळली होती. तंजावर किंवा पालघाटहून आलेला तो टंकलेखक आपल्याच लोकलने, आपल्याच डब्यातून प्रवास करीत होता. त्याच्या हातात सत्ता नव्हती, होती ती फाइल. पॅरिसच्या गरिबांची चित्रे काढणाऱ्या गिलरेची येथे आठवण होते. कला तीच, हात तोच, पण ज्याला हसायचे तो उलट मारू शकत नाही, असे झाले की हसण्याचा अर्थ बदलतो.

त्याच शहरात, एके काळी 'फ्री प्रेस जर्नल'मध्ये ठाकऱ्यांचे सहकारी असलेले आर. के. लक्ष्मण १९५१ पासून रोज सकाळी एका धोतर-कोट घातलेल्या माणसाला मंत्र्यांच्या मागे उभे करीत होते. हा माणूस कधी बोलला नाही. लक्ष्मण यांच्या चित्रात हसू नेहमी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला, खुर्चीकडे असे. आणीबाणीत शंकर यांनी ऑगस्ट १९७५ मध्ये साप्ताहिक बंद केले. अबू अब्राहम यांनी डिसेंबरमध्ये न्हाणीच्या टबात बसून वटहुकमांवर सह्या करणारे राष्ट्रपती काढले आणि ते चित्र छापूनही आले. त्या काळातील अग्रलेख आज फारसे कोणाला आठवत नाहीत, तो टब आठवतो.

आज सामान्य माणसाला राज्यकर्त्याचा चेहरा कोठे दिसतो? नवघर रस्त्याने स्थानकाकडे चालत निघावे. दर चौकात, दर विजेच्या खांबावर, दर बसथांब्याच्या छपरावर तो दिसेल. गोरा, गुळगुळीत, हात जोडलेला, बारा फूट उंच. वाढदिवसाच्या शुभेच्छा, निवडीबद्दल अभिनंदन, सणाच्या शुभेच्छा. वर पक्षश्रेष्ठींची गोल चित्रे, खाली शुभेच्छुकांची दाटी, आणि प्रत्येकाच्या वयातून संगणकाने दहा वर्षे कमी केलेली. मालमत्तेच्या विद्रूपणाला आळा घालणारा कायदा महाराष्ट्रात १९९५ पासून आहे. बेकायदा फलकांवरून मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ साली सविस्तर निकाल देऊन महापालिकांना खडसावले, त्यानंतरही वारंवार खडसावले. फलक उतरतात आणि दुसऱ्या सणाला चढतात. अठराव्या शतकातील लंडनकराला रस्त्यावर मंत्र्याचे विद्रूप तोंड दिसे. आपल्याला सुरूप दिसते. दोन्ही चित्रे खोटीच. पण विद्रूप चित्र पाहणाऱ्याला निदान स्वतःचे मत बनवण्याचे आमंत्रण तरी देते. ज्याला पन्नास चौकांत आपला गुळगुळीत चेहरा पाहायची सवय लागली आहे, त्याला वर्तमानपत्रातील दोन बोटांचे वाकडे नाक का सोसवत नाही, हेही मग समजू लागते.

सोसवत नाही याची उदाहरणे सर्व पक्षांनी पुरवली आहेत. शंकर यांनी १९४९ साली राज्यघटनेच्या संथ गतीवर काढलेले, गोगलगाईवर बसलेले बाबासाहेब आणि मागे आसूड घेतलेले नेहरू असे चित्र अकरावीच्या पाठ्यपुस्तकात होते. २०१२ च्या मे महिन्यात त्यावरून संसदेत गदारोळ झाला, सल्लागार सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी राजीनामे दिले, आणि दुसऱ्या दिवशी पुणे विद्यापीठातील पळशीकरांच्या कार्यालयाची मोडतोड झाली. येथे एक गोष्ट बजावून सांगितली पाहिजे. ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या अवहेलना सोसली त्याला आपल्या उद्धारकर्त्यामागे आसूड दिसला तर बोचणे स्वाभाविक आहे. ती बोच आणि पुढाऱ्याचा अहंकार यांना एकाच तागडीत घालता येत नाही. त्या चित्रावर वर्गात कडाक्याचा वाद व्हायला हवा होता. ज्या पुस्तकाने तो वाद सुरू करायचा तेच मागे घेतले गेले. त्याच वर्षी सप्टेंबरात असीम त्रिवेदी या व्यंगचित्रकाराला मुंबईत राजद्रोहाच्या कलमाखाली अटक झाली. हिंसेला चिथावणी नसेल तर राजद्रोह होत नाही, असा निर्वाळा मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये दिला.

आणि मग काव्यगत न्याय म्हणावा अशा दोन घटना. सप्टेंबर २०१६ मध्ये मराठा समाजाच्या मूक मोर्चांवर शब्दच्छल करणारे एक व्यंगचित्र 'सामना'त आले. संतप्त लोकांनी 'सामना'च्या कार्यालयावर दगड फेकले आणि व्यंगचित्रकाराने स्थापन केलेल्या दैनिकाला व्यंगचित्राबद्दल माफी मागावी लागली. चित्र वाईटच होते. लाखोंनी मूक चालणाऱ्यांची, त्यांत पुढे चालणाऱ्या मुलींची टिंगल करण्यात शौर्य कसले? पण दगड हा त्यावरील अभिप्राय नव्हे. चार वर्षांनी, सप्टेंबर २०२० मध्ये, तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांच्यावरील एक व्यंगचित्र भ्रमणध्वनीवरून पुढे पाठवल्याबद्दल कांदिवलीत नौदलाच्या एका निवृत्त अधिकाऱ्याला शिवसैनिकांनी मारहाण केली. डोळा सुजलेल्या त्या वृद्धाचे छायाचित्र देशभर छापले गेले. 'मार्मिक' निघून साठ वर्षे झाल्यानंतरचा तो महिना होता.

या दुसऱ्या घटनेत एक तपशील आहे, त्याकडे पुरेसे लक्ष गेले नाही. मार खाणाऱ्याने चित्र काढले नव्हते, छापले नव्हते, विकले नव्हते. त्याने ते पाहिले आणि शेजारपाजाऱ्यांच्या गटात पाठवले. लंडनमध्ये धोका होता तो चित्रकाराला आणि दुकानदाराला. काचेसमोर उभा राहून हसणारा कारकून हसून घरी जाई. सेयर्सचा हत्ती पाहून फिदीफिदी हसणाऱ्यांत फॉक्सचे मतदारही असतील, त्यांची नावे कोणी टिपून घेतली नाहीत. आज काच प्रत्येकाच्या खिशात आहे, आणि चित्र पाहून दुसऱ्याला दाखवणे म्हणजे ते प्रसिद्ध करणे ठरते. पाहणारा आपोआप प्रकाशक झाला आहे, प्रकाशकाच्या जबाबदारीसह; वकील मात्र त्याच्याजवळ नाही.

राजद्रोहाचे १२४-अ हे कलम जुलै २०२४ मध्ये जुन्या दंडसंहितेबरोबर गेले आणि त्याच्या जागी भारतीय न्याय संहितेचे १५२ वे कलम आले आहे. त्यात राजद्रोह हा शब्द नाही. देशाचे सार्वभौमत्व, एकता आणि अखंडता धोक्यात आणणारी कृत्ये असे शब्द आहेत, आणि ती कृत्ये शब्दांनी, खुणांनी, दृश्य चित्रणाने किंवा इलेक्ट्रॉनिक माध्यमातून केलेली असू शकतात. हे झाले मोठ्या गुन्ह्याचे. या पानाच्या वाचकांपैकी पुष्कळांना अधिक जवळची आहे ती नोकरीची वर्तणूक. १९७९ च्या महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियमांचा आधार घेऊन राज्य शासनाने जुलै २०२५ मध्ये काढलेल्या निर्णयाने समाजमाध्यमांवर शासनाच्या धोरणांवर प्रतिकूल टीका करण्यास कर्मचाऱ्यांना मनाई केली आहे. रात्री साडेनऊच्या भाईंदर लोकलमध्ये एखाद्या लिपिकाच्या हाती मंत्र्याचे मजेदार चित्र आले आणि त्याने ते अंगठ्याने पुढे सरकवले, तर ती धोरणावरची प्रतिकूल टीका होते की केवळ हसणे, हे ठरवणार त्याचा कार्यालयप्रमुख. त्या कार्यालयप्रमुखाच्या खोलीबाहेरही शुभेच्छांचा एक फलक असण्याचा संभव आहे.